५९ दिवसांचा मासा

बल्लारशाच्या लाकूड डेपोत सागाचे ओंडके रचून ठेवलेले तुमच्यापैकी कितीतरी जणांनी पाहिले असतील. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एकात एक अशी वर्तुळं दिसतात. वर्षाला एक वर्तुळ. ती मोजली की झाडाचं वय कळतं. पण माशाचं वय कसं मोजायचं बरं?

तेही वर्तुळं मोजूनच! माशाचे कान बाहेरून दिसत नाहीत, ते डोक्याच्या आत असतात. तिथे चुन्यासारखे बारीक खडे असतात. मासा वाढतो तसे त्यांच्यावर थर चढतात. पिलांमध्ये आणि छोट्या माशांत तर रोज एक थर!

ऑस्ट्रेलियाजवळ समुद्रात ग्रेट बॅरियर रीफ नावाचे प्रवाळाचे अफाट खडक आहेत. त्यांच्या तळाशी पिग्मी गोबी हा मासा राहतो. लांबी जेमतेम दोन सेंटीमीटर. तिथल्या शास्त्रज्ञांनी याच्या कानातल्या खड्यांचे थर मोजले आणि २००५ साली निष्कर्ष जाहीर केला. सगळ्यांत म्हातारा मासा निघाला ५९ दिवसांचा! पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत इतकं कमी आयुष्य दुसऱ्या कोणाचं नोंदलेलं नाही. म्हणजे जूनअखेर आपली शाळा उघडते तेव्हा जन्मला, तर पोळ्याच्या आसपास खेळ खलास.

पहिले तीन आठवडे पिलू उघड्या समुद्रात तरंगतं. मग खडकावर येऊन एक-दोन आठवड्यांत मोठं होतं. उरले साडेतीन आठवडे. तेवढ्यात मादी सगळी मिळून चारशेच्या आसपास अंडी घालते आणि राखण कोण करतं? बाबा!

वर्गात हे सांगितलं तर एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, मग तो खेळते कधी?" मला काही उत्तर सुचलं नाही.

एवढी घाई कशाला? कारण त्याला खायला सगळेच टपलेले. रोज शंभरातले सात-आठ जातात. २०१९ मधल्या एका संशोधनानुसार प्रवाळावर जेवढे मासे खाल्ले जातात, त्यातला जवळजवळ ६० टक्के वाटा अशा तळाशी राहणाऱ्या चिमुकल्यांचा असतो. मोठ्या माशांचं पोट यांच्यावरच चालतं म्हणा ना!

याच गोबी कुळातली निवटी कोकणात खाडीच्या चिखलावर उड्या मारते. गोदावरीच्या खोऱ्यातल्या नद्यांतही या कुळातला एक मासा वाळूला चिकटून बसलेला असतो. त्यांच्याही कानात तसेच खडे आहेत. थर मोजायला मात्र सूक्ष्मदर्शक हवा.