‘प्रिय महाशय’

मायना हा पत्राचा सर्वांत लहान भाग. परंतु लिहिणाऱ्याच्या मनांतील चित्र प्रथम तेथेंच उमटतें. ‘तीर्थरूप’ म्हटलें कीं घरांतील वडील मंडळी डोळ्यांपुढें उभी राहतात, ‘चिरंजीव’ म्हटलें कीं धाकटीं. ज्या बाईस काल ‘सौभाग्यवती’ म्हणून पत्रें येत असत, तिच्याच नांवापूर्वीं एका रात्रींत ‘गंगाभागीरथी’ येऊन बसे, आणि पुढें जन्मभर येणारें प्रत्येक पत्र उघडतांच तिला त्या रात्रीची आठवण करून देई. मायना म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे, हें आपल्या आज्यांना पुरतें ठाऊक होतें. म्हणूनच या महिन्यांत आम्ही वाचकांना एका मायन्याची गोष्ट सांगणार आहों. ती घडली मात्र दूर अमेरिकेंत, हार्वर्ड विद्यापीठांत.

तिकडे विद्यापीठाच्या प्रमुखास अध्यक्ष म्हणतात. आपल्याकडील कुलगुरूंसारखेंच तें पद. हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. तेथें नवा अध्यक्ष अधिकारारूढ होतो तेव्हां जुन्या किल्ल्या, मोहोर, १६५० सालची सनद अशीं चिन्हें त्याच्या स्वाधीन करण्यांत येतात, आणि मग तो अध्यापकांना, विद्यार्थ्यांना व जमलेल्या सर्व परिवाराला उद्देशून आपलें पहिलें भाषण करतो. घरांत नवा कर्ता माणूस आला म्हणजे तो प्रथम काय बोलतो, कोणाकडे पाहून बोलतो, इकडे सर्वांचें लक्ष असतें. विद्यापीठाचेंहि तसेंच आहे.

१२ ऑक्टोबर २००७ रोजीं हें भाषण करण्यास ड्रू गिल्पिन फाउस्ट या विदुषी उभ्या राहिल्या. त्या हार्वर्डच्या अठ्ठाविसाव्या अध्यक्ष, आणि तोंवरच्या ३७१ वर्षांतील पहिली स्त्री अध्यक्ष. अमेरिकेंतील यादवी युद्धाचा इतिहास हा त्यांच्या व्यासंगाचा विषय. नऊ वर्षांच्या असतांना, १९५७ सालीं, काळ्या-गोऱ्या मुलांना वेगळें ठेवणें अन्यायाचें आहे असें पत्र त्यांनीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लिहिलें होतें. ज्या वयांत आपलीं मुलें मामाला पत्र लिहावयासहि कंटाळतात, त्या वयांतील ही गोष्ट!

भाषणाच्या ओघांत त्यांनीं श्रोत्यांना एका लिफाफ्याची हकीकत सांगितली. समारंभापूर्वीं एक आठवडा विद्यापीठाच्या दप्तरखान्यांतून तो त्यांच्या हातीं आला होता. तेविसावे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनीं १९५१ सालीं तो बंद करून ठेवला होता, आणि पुढील शतकाच्या आरंभीं जो अध्यक्ष असेल त्यानेंच तो फोडावा, त्यापूर्वीं नव्हे, अशी त्यांची सूचना होती. फाउस्टबाईंनीं मोहोर फोडली. आंत पत्र होतें, आणि त्याचा मायना होता : ‘प्रिय महाशय’.

कॉनंट हे कांहीं कोत्या मनाचे गृहस्थ नव्हते. नामांकित रसायनशास्त्रज्ञ, अणुबाँबच्या कार्यांत त्यांचा मोठा हात होता, आणि १९४५ सालीं त्या अस्त्राची पहिली चांचणी त्यांनीं प्रत्यक्ष पाहिली होती. तिसरें महायुद्ध होईल व त्यांत हार्वर्ड ज्या केंब्रिज शहरांत आहे तें शहरहि नष्ट होऊं शकेल, अशी भीति त्यांनीं पत्रांत व्यक्त केली होती. तरीहि विद्यापीठ टिकेल हा त्यांचा विश्वास ढळला नव्हता. इतकें दूरवर पाहणारा हा पुरुष! शहराची राख त्याला कल्पनेंत दिसली. पण अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेली स्त्री दिसली नाहीं. आणि हें केव्हां, तर १९४३ पासून मुली हार्वर्डच्या वर्गांत मुलांबरोबर बसूं लागल्या होत्या त्यानंतर, म्हणजे त्यांच्याच कारकीर्दींत.

याचें मूळ शोधूं गेल्यास आणखी मागें जावें लागतें. १९ ऑक्टोबर १८६९ रोजीं चार्ल्स एलियट या ३५ वर्षांच्या अध्यक्षानें असेंच पहिलें भाषण केलें. तें शिक्षणाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. भाषा श्रेष्ठ कीं शास्त्रें श्रेष्ठ, हा वाद त्यानें मोडीत काढला; आम्हांला सर्वच विषय हवे आणि उत्तम प्रतीचे हवे, असा त्याचा आग्रह होता. पुढें ४० वर्षें अध्यक्षपदीं राहून त्यानें हार्वर्डचें रूपच पालटलें. त्याच भाषणांत मात्र त्यानें महाविद्यालयांत स्त्रियांस घेतां येणार नाहीं असें सांगितलें. स्त्रियांच्या स्वाभाविक बुद्धिसामर्थ्याविषयीं जगास जवळजवळ कांहींच ठाऊक नाहीं, कित्येक पिढ्या त्यांना स्वातंत्र्य व समता लाभली म्हणजे मगच त्याचा पुरावा मिळेल, असेंहि तो म्हणाला. विधान प्रामाणिक आहे, हें मान्य केलें पाहिजे. पण ज्या दारांतून तो पुरावा यावयाचा तेंच दार लावून घेतल्यावर तो यावा कोठून? १८७९ सालीं हार्वर्डच्या कांहीं अध्यापकांनीं मुलींना निराळें शिकविण्यास आरंभ केला, १८९४ सालीं त्याचेंच रॅडक्लिफ महाविद्यालय झालें; पण मुख्य दार फार दिवस तसेंच राहिलें.

या दाराशीं आपलाहि थोडा संबंध पोंचतो. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या आणि १८८६ सालीं डॉक्टर झाल्या, ती पदवी फिलाडेल्फिया येथील खास स्त्रियांसाठीं निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाची. हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयानें त्यांना घेतलेंच नसतें. तेथें पहिल्या विद्यार्थिनी आल्या त्या १९४५ सालीं, आनंदीबाईंच्या पदवीनंतर ५९ वर्षांनीं. पुढें ज्या बाई हार्वर्डच्या अध्यक्ष झाल्या, त्यांनीं तत्पूर्वीं अनेक वर्षें त्याच फिलाडेल्फियांत अध्यापन केलें, हा योगायोगहि लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

आणि कॉनंट ‘महाशय’ लिहीत होते त्या १९५१ सालीं बडोद्यास काय चाललें होतें? महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरुपदीं हंसाबेन मेहता दोन वर्षांपासून बसल्या होत्या. मुलगे व मुली दोघेंहि शिकतात अशा विद्यापीठाची धुरा वाहणाऱ्या त्या हिंदुस्थानांतील पहिल्या स्त्री. त्याआधीं संयुक्त राष्ट्रसंघांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असतां, १९४८ सालीं तो मंजूर होण्यापूर्वीं, पहिल्या कलमांतील ‘सर्व पुरुष’ असाहि अर्थ होणारा इंग्रजी शब्द काढून तेथें ‘सर्व मानव’ असा शब्द घालण्याचा आग्रह त्यांनींच धरला होता. हाहि मायन्याचाच प्रश्न. जगाला उद्देशून लिहावयाचें, तर जगांतील अर्धीं माणसें मायन्यांतच गळूं नयेत, एवढेंच त्यांचें म्हणणें.

फाउस्टबाईंनीं आपल्या भाषणांत कॉनंट यांची थट्टा करून वेळ दवडला नाहीं. विद्यापीठाचा हिशेब तीन महिन्यांच्या नफ्यानें होत नाहीं. तें भूतकाळाला आणि भविष्यकाळाला जबाबदार असतें, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. आम्हांस तर त्या लिफाफ्याचाहि अर्थ हाच वाटतो. नवा अध्यक्ष समोरच्या मंडळींना नमस्कार करतो खरा. पण त्याचे खरे श्रोते अजून आलेलेच नसतात. एलियट यांचें भाषण ऐकणारे बहुतेक पुरुष होते. त्याचें उत्तर देणारी बाई १३८ वर्षांनीं त्याच संस्थेंत उभी राहिली. आपल्या शब्दांचा वाचक कोण होईल, हें बोलणाऱ्याच्या हातीं नसतें.

फाउस्टबाई २०१८ सालीं पदावरून निवृत्त झाल्या. दरवर्षीं कोठें ना कोठें नवे कुलगुरु, नवे अध्यक्ष येतात आणि स्वागताचीं भाषणें होतात. बरींचशीं दुसऱ्या दिवशीं विसरलीं जातात. तीं वाचतांना मोठमोठ्या योजनांपेक्षां एक लहानशी गोष्ट पाहावी : बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कोण आहे, आणि कोण नाहीं?

घरोघरींहि आपण असे लिफाफे ठेवीतच असतों. मुलगा अमुक होईल, मुलगी तमुक घरीं पडेल, ही दौत अमक्याची, तीं पुस्तकें तमक्याचीं. आपल्या मनांत सारे मायने आधींच लिहून तयार असतात. वाचकांपैकीं कोणी पन्नास वर्षांनीं उघडण्यासाठीं नातवंडांना पत्र लिहून ठेवणार असेल, तर मजकूर अवश्य लिहावा, आपली भीति लिहावी, आशा लिहावी. मायन्याची जागा मात्र कोरी ठेवावी. लिफाफा जो उघडील, किंवा जी उघडील, त्यानें अथवा तिनें ती आपल्या हातानें भरावी.