खरूज एकट्याची नसते, औषध सगळ्यांना एकाच दिवशी द्या

आपल्या बिदर-कलबुर्गी भागातली पोरं कामासाठी पुणे, मुंबई, हैदराबाद गाठतात. मागं राहिलेले काही आजी-आजोबा शेवटी वृद्धाश्रमात जातात. तिथं एकाला खरूज झाली की काय करायचं, यावर कुणी बोलत नाही. लाज वाटते. कुणी कज्जी म्हणतं, कुणी खुजली. आजार एकच.

बहुतेक वेळा ज्याला खाज सुटली त्यालाच मलम देतात, त्याची खाट कोपऱ्यात सरकवतात आणि विषय संपवतात. महिन्याभरात खाज परत येते. मग दोष कुणाला? म्हाताऱ्याच्या अंघोळीला!

हा दोष खोटा आहे. खरूज एका बारीक किड्यानं होते. मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. रोज अंघोळ करणाऱ्यालाही ती होते. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो, पण खरूज दुसऱ्याला देत राहतो. आजीला हात धरून उठवणारी बाईसुद्धा यात आली. म्हणून फक्त खाजवणाऱ्याला औषध देणं म्हणजे अर्धंच काम.

साध्या खरजेत अंगावर १०-१५ किडे असतात. अशक्त म्हाताऱ्यांना कधी जाड खवल्यांची खरूज होते. तिच्यात किडे हजारो, लाखोही असतात, आणि खाज मात्र कमी असू शकते. असा एक पेशंट ओळखू आला नाही तर सगळा आश्रम खाजवत बसतो. मेडिकलवरून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं तर पुरळ दबतं, किडा जिवंत राहतो.

करायचं काय? डॉक्टरच्या सल्ल्यानं आश्रमातले सगळे, स्वयंपाकी आणि सेवकांसकट, एकाच दिवशी औषध घेतील. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम सगळ्या अंगाला, म्हाताऱ्यांना डोक्यालाही, रात्रभर लावून ठेवायचं. आठवड्यानं परत एकदा. एका वेळी एकाला साधारण ३० ग्रॅम लागतं. ४० माणसं असतील तर दोन वेळचे ८० ट्यूब हवेत. कपडे-चादरी गरम पाण्यात धुवा, नाहीतर प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. त्यानंतरही २ ते ४ आठवडे खाज राहू शकते. घाबरायचं नाही.

एवढ्या सूचना आजीला कोण समजावणार? औराद, भालकीकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांना मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. "रात्रभर ठेवा" हे कळलं नाही आणि मलम तासाभरात धुतलं, तर औषध वाया. जिथं अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, असं केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच आहे. औषधाच्या सूचनेपेक्षा महत्त्वाची सूचना कुठली?

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात म्हाताऱ्यांच्या वैद्यकीय सोयीची तरतूद आहे. ती मागायला लाजू नका.

दिवाळीला गावी आलात की आश्रमात जा. आजीच्या बोटांच्या बेचक्या, मनगटं बघा. पुरळ दिसलं तर व्यवस्थापकाला एकच प्रश्न विचारा: "सगळ्यांना एकाच दिवशी औषध कधी देताय?"