विडी त्याची, धूर आपला



शेजाऱ्याने पाचट पेटवले आणि आपला फड जळाला, तर आपण भांडायला उठतो. मग त्याच्या विडीचा धूर मुकाट्याने का गिळावा? भिवंडीला कामानिमित्त जाणे होते. गाडीची वाट पाहताना बाकावर लेकुरवाळी बाई असली तरी शेजारची विडी विझत नाही. बोलावे तर, "तुमचं काय जातं?" जातं ते आपलं फुप्फुस!

मुंबईचे मुरली देवरा यांच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने २००१ साली सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई केली. २००३ च्या कायद्यात २०० रुपयांपर्यंत दंड आला. पण बाकाबाकावर शिपाई कुठून आणणार? निदान आपल्या वजनकाट्यावर आणि गट ऑफिसात तरी, ज्याला ओढायची त्याने लांब जाऊन ओढावी.

— ऊस विकास अधिकारी