विश्लेषण : ‘ट्रोलिंग’ आलं कुठून? थट्टेचा गळ धमकीपर्यंत कसा पोहोचला?

सोशल मीडियावर कुणाची टिंगल झाली की ‘तो ट्रोल झाला’ असं म्हटलं जातं. कुणाला जिवे मारण्याची धमकी आली तरी शब्द तोच. मात्र हा शब्द इंटरनेटवर रुळला तेव्हा त्याचा अर्थ बराच वेगळा होता.

शब्द कुठला?

स्कँडिनेव्हियाच्या लोककथांमध्ये डोंगर-गुहांत राहणाऱ्या राक्षसाला ‘ट्रोल’ म्हणतात. शब्द तिथूनच आला, असा अनेकांचा समज आहे. पण इंटरनेटवरच्या ‘ट्रोलिंग’चा संबंध सहसा मासेमारीशी जोडला जातो. चालत्या होडीमागे आमिष लावलेला गळ सोडायचा आणि मासा लागण्याची वाट पाहायची, या पद्धतीला इंग्रजीत ‘ट्रोलिंग’ म्हणतात.

सुरुवात कशी झाली?

१९७९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना मांडली. त्यावर विषयवार गटांत लेखी चर्चा चालत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला शहरी दंतकथांवरच्या एका गटात जुने सदस्य मुद्दाम चावून चोथा झालेला प्रश्न विचारत. जुन्यांना गंमत कळे. नवखे मात्र गंभीरपणे उत्तर द्यायला धावत आणि गळाला लागत. ही नवख्यांची फिरकी होती, छळ नव्हता.

मग बिघडलं कुठे?

दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, काही दिवस गोंधळ घालत आणि मग यूजनेटची रीतभात शिकत. १९९३ नंतर व्यावसायिक कंपन्यांनी सामान्य ग्राहकांसाठी यूजनेट खुलं केलं आणि नव्यांचा ओघ थांबेना. जुन्यांनी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हटलं. फिरकीला ओळखीचं वर्तुळ लागतं. ते मोडलं आणि थट्टा व त्रास यांतली सीमा पुसट झाली. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘फोरचॅन’सारख्या ठिकाणी नावाशिवाय लिहिण्याची मुभा होती, तिथे ती आणखी पुसली गेली.

ट्रोल कोण होतं?

मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये मांडलं, की ओळख लपलेली असली आणि समोरचा दिसत नसला की माणसाचा संकोच गळून पडतो. स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठांतील संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं, की मनःस्थिती वाईट असेल आणि आधीच्या प्रतिक्रिया खवचट असतील, तर सामान्य माणूसही ट्रोलसारखा वागू शकतो.

शब्दाचा अर्थ महत्त्वाचा का?

कारण सगळ्याला एकच नाव दिलं की कायदाही चुकू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये ‘त्रासदायक’ संदेशही गुन्हा ठरत होता. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारणारी पालघरची तरुणी आणि ती पोस्ट ‘लाइक’ करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली. या घटनेनंतर ‘श्रेया सिंघल’ प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. त्याची भाषा संदिग्ध असल्याचं न्यायालयाने म्हटलं.

धमकी आणि पाठलाग यांसाठी भारतीय न्याय संहितेत वेगळी कलमं आहेत. त्यामुळे धमकीला ‘ट्रोलिंग’ म्हटलं तर गुन्हा किरकोळ वाटतो आणि टीकेला ‘ट्रोलिंग’ म्हटलं तर प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो.