आधी घरची मुलाखत

ज्या घरातले मूल परदेशी शिकायला निघते, त्या घरात चार-सहा महिने आधी एक पाहुणा मुक्कामाला येतो. त्याचे नाव फाईल. पहिल्या दिवशी ती सडपातळ असते. पासपोर्टची प्रत, गुणपत्रिका आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, एवढाच तिचा संसार. मग विद्यापीठाचे पत्र येते, बँकेचे उतारे येतात, वडिलांचे आयकर विवरण येते, जन्माचा दाखला येतो आणि पाहता पाहता ती इतकी जाड होते की तिचे बटण लागेनासे होते. घरातले सगळे तिला जपतात. तिच्यावर चहाचा कप ठेवला म्हणून आजोबांनाही बोलणी खावी लागतात.

बँकेच्या नोकरीत अशा फायली मी पुष्कळ पाहिल्या. निवृत्त झाल्यावर त्या सुटतील असे वाटले होते, पण ओळखीपाळखीने येतच राहतात. मध्यंतरी एका रविवारी सकाळी माणहून एक गृहस्थ अशीच फाईल घेऊन आले. बरोबर त्यांची मुलगी होती.

माण म्हणजे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला लागून असलेले गाव. एके काळी इथे भाताची खाचरे होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि त्याचा तिसरा टप्पा माणच्या हद्दीत आला. शिवाजीनगरला जोडणाऱ्या मेट्रोचा डेपोही याच गावात. ज्यांच्या बांधावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्या घरांतली पहिली इंजिनिअर पिढी आता त्या इमारतींत कामाला जाते आणि तिथून पुढे परदेशी शिकायला जाण्याची स्वप्ने पाहते. या मुलीने अशीच दोन वर्षे नोकरी केली होती. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात तिला एका वर्षाच्या एमएस्सीसाठी प्रवेश मिळाला होता.

वडिलांनी फाईल माझ्यापुढे ठेवली आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, “साहेब, बाकी सगळं आहे. फक्त शिल्लक दाखवायची आहे. एक जण महिनाभरासाठी पैसे खात्यात ठेवायला तयार आहे. थोडं व्याज घेतो, व्हिसा झाला की काढून घेतो. सगळेच असं करतात म्हणे.”

मुलगी खिडकीबाहेर पाहत होती.

आजच्या लेखाचा विषय ही ‘दाखवायची शिल्लक’ हाच आहे. ब्रिटनचा नियम असा की शिक्षणाची फी आणि राहण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यात असावी. खाते विद्यार्थ्याचे किंवा त्याच्या आईवडिलांचे हवे, काका-मामांचे चालत नाही. आईवडिलांचे असेल, तर नाते सिद्ध करायला जन्माचा दाखला आणि त्यांचे संमतिपत्रही लागते. नियमात अठ्ठावीस दिवस लिहिले, की आपल्याकडे अठ्ठावीस दिवसांपुरते पैसे भाड्याने देणारा धंदा उभा राहतो. लग्नात नवरदेवासाठी भाड्याचा घोडा आणावा तसा हा प्रकार. फरक एवढाच की घोडा भाड्याचा आहे हे मांडवातल्या सर्वांना ठाऊक असते.

बँकेच्या खिडकीमागे आयुष्य काढलेल्या माणसाला खात्याचा उतारा वाचताना फार कष्ट पडत नाहीत. अकरा महिने ज्या खात्यात दहा-बारा हजारांची ये-जा, त्यात एका मंगळवारी एकदम पंचवीस लाख येऊन बसतात आणि महिनाभर हलत नाहीत. हे पैसे घरचे नाहीत, हे तो कागद स्वतःच सांगतो. जे मला कळते ते व्हिसाच्या टेबलावरच्या माणसाला कळत नसेल असे समजणे भाबडेपणाचे आहे. हे अधिकारी बँकेकडे चौकशीही करू शकतात. फसवणूक आढळली तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत दार बंद करू शकते, कॅनडा पाच वर्षे. २०२३ मध्ये कॅनडात अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली, कारण त्यांच्या फायलींतली प्रवेशपत्रे बनावट निघाली. त्यांतल्या कित्येकांचे म्हणणे होते की कागद एजंटाने केले, आम्हाला माहीतच नव्हते. पण फाईलवर सही एजंटाची नसते, ती मुलाची असते.

आणि समजा, पकडले गेले नाही, व्हिसा मिळाला, पुढे काय? मुलगी विमानात बसते आणि पैसे तिच्या आधी खात्यातून उतरतात. पहिल्या सहामाहीपुरती सोय झालेली असते. मग फीचा दुसरा हप्ता येतो, खोलीचे भाडे येते. अभ्यासाच्या काळात तिथे आठवड्याला वीस तासच काम करायची मुभा आहे. तेवढ्यात भागत नाही म्हणून मुले चोरून जास्त तास काम करतात, म्हणजे पुन्हा नियम मोडतात. घरी फोनवर मात्र “मजेत आहे” असे सांगतात. ती अठ्ठावीस दिवसांची अट त्या मुलीला परक्या गावात उपाशी राहण्याची वेळ येऊ नये म्हणून असते. आपण ती अडथळा समजून चुकवतो आणि चुकवून आपल्याच मुलीला उघड्यावर सोडतो.

जर्मनीने यावर सरळ उपाय काढला आहे. तिथे विद्यार्थ्याच्या नावे एका बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरावे लागतात आणि तिथे पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. दाखवून परत नेण्याची सोयच नाही. आपल्या आज्या महिन्याचा किराणा आठवड्याच्या पुड्यांत बांधून ठेवत, त्याची मला आठवण झाली.

माणच्या गृहस्थांना मी म्हटले, “शिल्लक दाखवू नका, कर्ज दाखवा. बँकेचे मंजुरीपत्रही चालते.” त्यांना कर्ज म्हणजे कमीपणा वाटत होता. मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

तीस लाखांचे शैक्षणिक कर्ज, व्याज दहा टक्के धरू. अभ्यासक्रमाचे एक वर्ष आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पण व्याज थांबत नाही, ते महिन्याला पंचवीस हजारांच्या घरात जाते. ते भरलेच नाही तर दोन वर्षांत जवळजवळ सहा लाख चढतात. मग छत्तीस लाखांची फेड दहा वर्षांत करायची म्हटली, तर हप्ता साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास बसतो. घरच्यांनी व्याज तेवढे दरमहा भरत राहिले, तर मूळ तीस लाखच राहतात आणि अनेक बँका त्याबद्दल व्याजात थोडी सूटही देतात. शिवाय फी पौंडात आणि कमाई रुपयांत, हे विसरून चालत नाही. डॉलरचेच पाहा. २०१० च्या सुमारास तो पंचेचाळीस-शेहेचाळीस रुपयांना होता, २०२२ मध्ये त्याने ऐंशी ओलांडली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाची फी पहिल्या वर्षाएवढीच लिहिलेली असली, तरी आपल्याला ती महागात पडू शकते.

आकडे ऐकून मुलगी पहिल्यांदाच खिडकीकडून वळली आणि पेन्सिल तिने आपल्या हातात घेतली.

साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सर्वसाधारणपणे तारण लागते. शेतजमीन शैक्षणिक कर्जासाठी बहुतेक बँका घेत नाहीत, आणि यांची शेतजमीन तर कधीच औद्योगिक महामंडळाकडे गेलेली. उरले गावठाणातले घर. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो. पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर बँका नाक मुरडत. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, तेव्हापासून वाट थोडी मोकळी झाली. यांची पत्रिका फाईलमध्येच होती. तिच्यावर वडिलांबरोबर त्यांच्या थोरल्या बहिणीचेही नाव होते.

“म्हणजे आक्काची सही लागणार,” गृहस्थ म्हणाले आणि गप्प झाले. शिल्लक भाड्याने आणण्याचे खरे कारण तेव्हा माझ्या ध्यानात आले. सावकाराला व्याज देणे त्यांना सोपे वाटत होते, बहिणीसमोर बसून बोलणे अवघड.

इथे मला कल्याणच्या आनंदीबाई जोशींची आठवण होते. १८८३ साली त्या अमेरिकेला निघाल्या, तेव्हा आजच्यासारखा व्हिसा नव्हता. पण समाज नावाची वकिलात होती आणि ती फार कडक होती. त्या वेळी गोपाळराव पोस्टाच्या नोकरीनिमित्त बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. जाण्यापूर्वी फेब्रुवारी महिन्यात आनंदीबाईंनी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात जाहीर भाषण केले. वय अजून अठराही पूर्ण नव्हते. लोक पाठीमागे जे प्रश्न विचारत होते ते त्यांनी स्वतःच पुढे मांडले. अमेरिकेलाच का, इथे शिकता येणार नाही का, एकटी का, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? एकेक घेऊन त्यांनी उत्तरे दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परतल्यावर अवघ्या काही महिन्यांत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांचे आयुष्य आपण हळहळत सांगतो, पण मला त्यातली ती सभा मोठी वाटते. जाण्याआधी त्यांनी आपल्या माणसांसमोर मुलाखत दिली होती, तीही कोणी बोलावले नसताना.

आज आपण मुलांकडून वकिलातीतली मुलाखत घोकून घेतो. घरची मुलाखत मात्र होतच नाही. हाच अभ्यासक्रम का, की मैत्रीण गेली म्हणून? पैसे नेमके कुणाचे आणि कोण फेडणार? आणि तिसरा प्रश्न, जो कुणी मोठ्याने विचारत नाही: परत येणार का?

अमेरिकेचा कायदा हा तिसरा प्रश्न उघड विचारतो. येणारा प्रत्येक विद्यार्थी कायमचा राहायला येतो आहे असे गृहीत धरायचे आणि तसे नाही हे त्याने पटवून द्यायचे, अशी तिथली रीत आहे. बहुतेक नकार याच कलमाखाली येतात. मुले मग पाठ केलेले उत्तर देतात, “शिक्षण संपताच मी मायदेशी परतणार आहे.” अर्ध्या वेळा ते मुलालाही खरे वाटत नसते आणि बापालाही.

परतण्याची अट आपल्याकडेही जुनीच आहे. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली, तेव्हा शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. बाबासाहेबांनी शब्द पाळला. १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. पण एवढे शिकून आलेल्या त्या माणसाला शहरात राहायला जागा मिळाली नाही. जात लपवून पारशी वसतिगृहात राहावे लागले आणि तिथूनही त्यांना हाकलले गेले. परत येणार का, हा प्रश्न मुलांना विचारताना आपण त्यांना कशाकडे परत बोलावतो आहोत, हाही प्रश्न त्याला जोडूनच येतो.

पंधरा दिवसांनी माणला मी त्यांच्या घरी गेलो. आत्या मुद्दाम आल्या होत्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणे तोडून टाकल्यासारखे. त्या भावाला म्हणाल्या, “शेताच्या वेळी हक्कसोडीवर माझी सही घेतलीस, तेव्हा कुणी वाचून दाखवलं नव्हतं. आता सगळं वाचून दाखव, मग बघू.”

भाऊ खाली मान घालून बसले. वाचायला मुलगी पुढे आली. कर्ज किती, व्याज किती, हप्ता कधीपासून, फेडले नाही तर घराचे काय होईल, हे सगळे तिने गावच्या भाषेत सांगितले. काही लपवले नाही. ऐकून झाल्यावर आत्यांनी विचारले, “आन् तू माघारी येणार का?”

ती थोडा वेळ थांबली. “आत्या, आज खरं सांगायचं तर माहीत नाही. दोन वर्षं तिथं नोकरी करून बघीन. आता तीही मुदत कमी करायला निघालेत. पण हप्ता मी भरणार. तुमच्या घरावर कुणी येणार नाही.”

ती मुदतीचे जे म्हणाली ते बरोबर होते. शिक्षणानंतर ब्रिटनमध्ये राहण्याची दोन वर्षांची सवलत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना अठरा महिन्यांवर येणार आहे. पण आत्यांना त्या हिशेबाशी कर्तव्य नव्हते. त्या भावाकडे वळून म्हणाल्या, “हिनं निदान खरं सांगितलं. आण तो कागद.”

या घराला व्हिसा मिळाला की नाही, असे वाचक विचारतील. हे लिहीत असताना फाईल अजून बँकेत आहे, अर्ज व्हायचाच आहे. कदाचित होकार येईल, कदाचित नकार. नियम दर वर्षी बदलतात आणि त्यांवर आपला ताबा नाही. आपल्या हातात आहे ते एवढेच की फाईलमधला प्रत्येक कागद घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवता यावा. मुलगी पुढची दहा वर्षे ज्या हप्त्यावर जगणार आहे, तो तिच्या आईला, आत्याला, आजीला माहीत असावा. नकार आला तरी घर शाबूत राहते. होकार आला, तर मुलगी विमानात बसताना कुणाचे काही लपवून जात नाही.

निघताना मी फाईल चाळली. भाड्याच्या पैशांचा उतारा कधी लागलाच नव्हता. त्या जागी मिळकत पत्रिका होती, आणि कर्जाच्या अर्जावर आत्यांची मोठ्या अक्षरांतली, वेळ घेऊन केलेली सही.