कीबोर्ड सापडला नाही? एफ-वन दाबा!

पीसीच्या जगातला माझा सगळ्यात आवडता विनोद बायोस लिहिणाऱ्यांनी करून ठेवलाय. कीबोर्ड न लावता जुनं मशीन सुरू करा, स्क्रीनवर येतं: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा! यावर आपण सगळे एकदा तरी हसलोय. पण जुना डबा भंगारात काढताना आपण देतो ते कारण याच जातीचं असतं. "मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, काय करायचंय याचं?"

मंडळी, हे कारण लंगडं आहे. जे हरवलंय ते बाहेर सहज मिळतं. जे कुठेच मिळणार नाही ते त्या डब्यात असतं, आणि तेच आपण किलोच्या भावाने विकतो.

सध्या माझ्याकडे एक ४८६ आलाय, एका बंद पडलेल्या छापखान्यातून. नुसतं कॅबिनेट, बाकी काही नाही. आता हरवलेल्या वस्तूंचा हिशेब बघा. कीबोर्डची जाड, गोल, पाच पिनांची सॉकेट आयबीएमच्या पहिल्या पीसीपासूनची, तिच्यावरची भाषा मात्र १९८४च्या पीसी-एटीपासून चालत आलेली. १९८७मध्ये आलेला पीएस-टू कीबोर्ड तीच भाषा बोलतो, त्यामुळे एक साधा अॅडॉप्टर पुरतो. (फक्त यूएसबी जाणणारा कीबोर्ड मात्र असा चालत नाही.) व्हीजीएसुद्धा १९८७चंच, म्हणजे निळ्या कनेक्टरचा कुठलाही जुना एलसीडी मॉनिटर लावून बघता येतो. माउस? डॉसला लागत नाही. संपला हिशेब.

खरा धोका उत्साहाचा आहे. आणलं, वायर लावली, बटण दाबलं, धूर! म्हणून आधी प्लग नको, स्क्रू-ड्रायव्हर घ्या. त्या काळच्या बऱ्याच मदरबोर्डवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती वर्षानुवर्षं गळते आणि आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते. ती कापून काढा, हिरवा-पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून पूर्ण वाळू द्या.

मग पॉवर सप्लाय. मागे ११५/२३० व्होल्टचं बटण असेल तर ते २३०वर आहे ना, हे बघा. मल्टिमीटरवर ५ आणि १२ व्होल्ट नीट येतात का ते तपासा. सप्लायचा डबा उघडू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात. मदरबोर्डला जाणारे दोन कनेक्टर लावताना काळ्या वायरी मधे, शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावलेत तर बोर्ड गेलाच समजा.

यानंतर फक्त रॅम, डिस्प्ले कार्ड आणि स्पीकर ठेवून मशीन सुरू करा. स्पीकर विसरू नका, कारण स्क्रीन काळी असताना हे मशीन बीप वाजवून आपलं दुखणं सांगतं. फक्त कुठल्या बीपचा अर्थ काय, हे बायोसच्या कंपनीप्रमाणे बदलतं.

हार्ड डिस्क सगळ्यात शेवटी. आणि त्यावरून विंडोज सुरू करून गंमत बघायची नाही! आधी पूर्ण कॉपी. आयडीई-यूएसबी अॅडॉप्टर फार जुन्या डिस्क ओळखत नाहीत, तेव्हा डिस्क तिच्याच मशीनमध्ये लावून फायली बाहेर काढाव्या लागतात. म्हणूनच तो डबा जिवंत हवा.

"माझ्या फोनमध्ये याच्या हजारपट ताकद आहे," असं एक मित्र म्हणाला. असेल ना. पण तो फोन या डिस्कवरचं मराठी वाचू शकत नाही. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ सालीच आली, इस्कीचं भारतीय मानकही त्याच वर्षीचं. पण डीटीपीवाल्यांच्या जगात ज्याचा-त्याचा फॉन्ट आणि ज्याची-त्याची अक्षरांची मांडणी. ती फाइल आज उघडली तर रोमन अक्षरांची भेळ दिसते. किल्ली त्याच डिस्कवरच्या फॉन्टमध्ये असते. फॉन्ट हाती असेल तर कुठल्या कोडला कुठलं अक्षर हे शोधता येतं, आणि मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. मूळ सॉफ्टवेअरच चालवायचं असेल, तर त्यातल्या बऱ्याच जणांना प्रिंटर पोर्टला लावायचं एक छोटं लॉक लागायचं. हरवू नये असं बाहेरचं काही असेल तर ते हेच. आणि आवराआवरीत ते आधी कचऱ्यात जातं, कारण कोणी ओळखतच नाही!

छापखान्याच्या एका डिस्कवर कोणाची स्मरणिका, कोणाचा दिवाळी अंक, कोणाचं पहिलंच पुस्तक असू शकतं. कागदी प्रत उरली नसेल तर ती डिस्क हीच शेवटची प्रत.

तेव्हा पुढच्या वेळी काका-मामांचं ऑफिस आवरायला जाल, तेव्हा मॉनिटर-कीबोर्ड खुशाल देऊन टाका. कॅबिनेट, फ्लॉप्या आणि ते ठेंगणं लॉक मात्र एका खोक्यात भरून घरी आणा. एक शनिवार-रविवार जाईल. माझे तर तीन गेलेत, आणि अजून डिस्कपर्यंत पोचायचंय.