एक रविवार पुरेसा नाही

पावसाळा ओसरला की मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यांवर आणि मैदानांच्या कडेने पहाटे धावणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढते. त्यांत शाळा-महाविद्यालयांतील मुले थोडी. दिवसाचे नऊ-दहा तास कचेरीतील खुर्चीवर काढणारे, चाळिशी-पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ आणि नोकरी व संसार अशी दुहेरी कसरत सांभाळणाऱ्या स्त्रिया अधिक. त्यांतील पुष्कळांचा संकल्प एकच असतो. जानेवारीत होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्ये आयुष्यातील पहिली अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरचे अंतर, धावून पुरे करावयाचे.

हा विषय पहिल्या पानावर चर्चिण्याइतका महत्त्वाचा आहे काय, असे कोणी विचारील. आमच्या मते तो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेली आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की, देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर गेली असून शहरांत हे प्रमाण खेड्यांपेक्षा बरेच अधिक आहे. बैठ्या जीवनाने ज्या वर्गाचे शरीर आतून पोखरले जात आहे, त्याच वर्गातील माणसे आपण होऊन पहाटे पाच वाजता घराबाहेर पडतात, ही घटना क्षुल्लक नव्हे. प्रश्न एवढाच की, हा उत्साह एका रविवारच्या उत्सवात विरून जाणार, की या शहराच्या अंगवळणी पडणार?

धावणे ही कोणा परक्यांकडून उसनी आणलेली चैन आहे, असेही मानण्याचे कारण नाही. १९१९ साली पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळाव्यात अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांची चिकाटी सर दोराबजी टाटा यांच्या नजरेत भरली आणि पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडूंचे पथक गेले. त्या पथकातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. आमच्या काळात नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीचे कांस्यपदक मिळविले, तर माण तालुक्याच्या दुष्काळी मुलखातील ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. अशा धावपटूंचे पाय लहानपणापासूनच्या कष्टांनी घडलेले असतात. उद्वाहकाने घरी चढणाऱ्या आणि मोटारीने कचेरीत जाणाऱ्या मध्यमवर्गीयाला मात्र तेच पाय प्रौढपणी नव्याने कमवावे लागतात, आणि ही कमाई पैशाने होत नाही.

ती होते ती काळाने. नव्या श्रमास हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना त्याहून पुष्कळ अधिक अवधी लागतो. दम टिकतो म्हणून अंतर झपाट्याने वाढवावे, आणि महिन्याभरात नडगी किंवा गुडघा धरून बसावे, असे नवख्यांच्या बाबतीत वारंवार घडते. जो आज सलग पाच किलोमीटर धावू शकतो, त्याने अर्धमॅरेथॉनसाठी तीन ते चार महिने राखून ठेवणे शहाणपणाचे होय. आठवड्यातून तीन-चार दिवस धावावे. त्यांतील बहुतेक धावणे सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने असावे. आठवड्यातून एकदा लांबचा पल्ला घ्यावा आणि तो एकेक किलोमीटरने वाढवीत सोळा-अठरापर्यंत न्यावा. अखेरच्या दोन आठवड्यांत श्रम कमी करावे. या क्रमात नाट्य काहीच नाही, आणि म्हणूनच तो पाळणे कठीण जाते. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरील पहाटेच्या वाऱ्याने हुरळून जो आरंभीच वेग वाढवितो, त्याला त्याची किंमत उत्तरार्धात पेडर रोडच्या चढावर मोजावी लागते.

धोक्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांची नोंद संशोधकांनी तपासली, तेव्हा त्यांत हृदयक्रिया बंद पडण्याचे ५९ प्रसंग आढळले आणि त्यांपैकी ४२ जण दगावले. अर्धमॅरेथॉनमध्ये हे प्रमाण पूर्ण मॅरेथॉनच्या जवळजवळ एकचतुर्थांश होते. तात्पर्य, भयभीत होण्याचे कारण नाही. पण बेफिकिरीलाही जागा नाही. ज्याने चाळिशी ओलांडली आहे, ज्याच्या घराण्यात हृदयविकार आहे, ज्याला धावताना छातीत दडपण किंवा भोवळ जाणवली आहे, त्याने छातीवर क्रमांक लावण्यापूर्वी डॉक्टरांकडे जावे. कचेरीतील सहकाऱ्यांनी नावे नोंदविली म्हणून, किंवा पदकासह छायाचित्र काढावयाचे म्हणून, तयारीवाचून उभे राहणे याला धाडस म्हणता येणार नाही. ज्याची तयारी झाली नसेल त्याने यंदाची शर्यत सोडावी. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येते.

येथवर आम्ही धावणाऱ्याचे कर्तव्य सांगितले. परंतु तो तीन-चार महिन्यांचा सराव करावयाचा कोठे, या प्रश्नाचे उत्तर धावणाऱ्याने नव्हे, शहराने द्यावयाचे आहे. २००४ पासून मुंबई शर्यतीच्या दिवशी आपले प्रमुख रस्ते मोकळे करते. पोलीस, डॉक्टर आणि स्वयंसेवक जागोजागी उभे राहतात. नागरिक रस्त्याच्या कडेला येऊन अनोळखी धावकांच्या हातांवर पाणी व फळांच्या फोडी ठेवतात. हे दृश्य मनोहर असते. दुसऱ्याच दिवशी तोच धावक उखडलेल्या पदपथावरून आणि भरधाव मोटारींच्या शेजारून जीव मुठीत धरून धावू लागतो. मार्च २०२३ मध्ये वरळीच्या किनाऱ्यावर सकाळी धावावयास निघालेल्या एका स्त्रीचा मोटारीच्या धडकेने अंत झाला. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरलाही थोडी कमी पडते. सोळा किलोमीटरच्या सरावासाठी माणसाने त्याच वर्तुळात चौदा फेऱ्या घालाव्या, आणि तेही त्याच्या दैवाने घर जवळ असेल तरच. ज्या उपनगरांत कट्टाही नाही आणि किनाराही नाही, तेथील नागरिकांनी काय करावे?

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. महानगरपालिकेने आणि पोलिसांनी प्रत्येक विभागातील निदान एक रस्ता रोज पहाटे पाच ते सात या वेळात वाहनांस बंद करावा. रविवारी सकाळी काही रस्ते नागरिकांस मोकळे करून देण्याचा उपक्रम मुंबई पोलिसांनीच २०२२ साली राबविला होता. तेव्हा हे अशक्य आहे, असे कोणास म्हणता येणार नाही. पालिकेच्या शाळांची मैदाने वर्ग भरण्यापूर्वी खुली करावी. अंधाऱ्या रस्त्यांवर दिवे, पहाटेची गस्त आणि स्वच्छतागृहे यांची तजवीज करावी, कारण त्यांच्या अभावी कित्येक स्त्रियांचा संकल्प घराच्या उंबरठ्यातच थबकतो. आणि सर्वांत आधी पदपथ चालण्याजोगे करावे.

हे लाड मूठभर हौशी धावकांसाठी कशाला, असा आक्षेप येईल. तो वरवरचा आहे. ज्या पदपथावरून धावणारा सुखरूप जाईल, त्याच पदपथावरून कामकरी स्त्री स्टेशन गाठील, मूल शाळेत जाईल आणि वृद्ध गृहस्थ फिरावयास निघतील. धावकाचे गाऱ्हाणे ते सर्व पादचाऱ्यांचे गाऱ्हाणे आहे. फक्त तो ते जरा वेगाने अनुभवतो, इतकेच.

पहिली अर्धमॅरेथॉन पुरी करणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करू. मात्र सोमवारचा थकवा उतरल्यावर त्याने त्याच आठवड्यात पुन्हा पहाटे बाहेर पडावे, आणि आपल्या विभागातील नगरसेवकाला गाठून रस्त्याचा जाबही विचारावा. चार महिने नेटाने सराव करणाऱ्याला एवढा पाठपुरावा जड जाऊ नये.